चार आसनं, पाऊण कोटी प्रवासी

मुंबईत अमुक एका गोष्टीला मागणी असेल का, असं विचारलं तर माणसं हसतात. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवायलाही इथे मागणी आहे. त्यामुळे उडत्या टॅक्सीचे आराखडे मांडणाऱ्यांना मुंबई म्हणजे आधीच सुटलेलं गणित वाटतं. रस्ते तुंबलेले, वेळ महाग, पैसेवाले भरपूर. मग गिऱ्हाइकाला काय तोटा? माझं म्हणणं असं की गिऱ्हाईक आहे, पण सांगितलं जातं त्यापेक्षा फारच थोडं, आणि तेही रोजचं नाही. कुणी आपल्या खिशातून हा खेळ मांडणार असेल तर त्यावर मत द्यायची मला गरज नव्हती. पण उडणाऱ्या वाहनाला उतरायला जागा लागते, आणि मुंबईतली मोकळी जागा ही कुणा एकाची नसते. म्हणून या मागणीच्या आकड्यांकडे जरा रोखून बघायला हवं.

कल्पना अगदीच हवेतली नाही, हे आधी मान्य करतो. इंडिगोची प्रवर्तक इंटरग्लोब एंटरप्रायझेस आणि अमेरिकेची आर्चर एव्हिएशन यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये भारतात हवाई टॅक्सी आणण्याचा सामंजस्य करार जाहीर केला. विजेवर चालणारी, हेलिकॉप्टरसारखी जागच्या जागी उठणारी दोनशे वाहनं, प्रत्येकात एक वैमानिक आणि चार प्रवासी. शहरं दिल्ली, मुंबई, बंगळुरू. मुहूर्त 2026 चा. कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत, असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि भाडं दोन-तीन हजारांच्या घरात असेल असंही. सप्टेंबर 2024 मध्ये नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएनं व्हर्टिपोर्टसाठी, म्हणजे ही वाहनं जिथून उठतील-उतरतील त्या तळांसाठी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. बंगळुरूची सरला एव्हिएशन आणि आयआयटी मद्रासमधून निघालेली ईप्लेन या आपल्या कंपन्याही मैदानात आहेत. यंत्र उडेल, याबद्दल मला फारशी शंका नाही. शंका आहे ती आत बसणाऱ्याबद्दल.

मागणी मोजायची सोपी रीत म्हणजे लोकांना विचारणं. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं 2021 मध्ये सहा शहरांत तसं विचारलं. 83 टक्के लोकांचं पहिलं मत अनुकूल निघालं आणि 71 टक्के लोक एकदा बसून बघायला तयार होते. एकदा बसून बघायला कोण तयार नसतं? गंमत म्हणजे त्याच पाहणीत लोकांनी सर्वांत आवर्जून पसंती दिली ती रुग्णासाठी आणि आणीबाणीसाठी होणाऱ्या उड्डाणांना. नासानं 2018 मध्ये करून घेतलेला एक अभ्यास जास्त प्रामाणिक आहे. सगळे अडथळे नाहीतच असं धरलं तर अमेरिकेतली विमानतळ-फेऱ्या आणि हवाई टॅक्सीची बाजारपेठ पाचशे अब्ज डॉलरची. पण भाडं, हवामान, तळांची संख्या, हवाई वाहतूक नियंत्रण हे सगळं हिशेबात घेतलं की नजीकच्या काळात हाती लागेल ती अडीच अब्जांची. अर्धा टक्का. सादरीकरणात पाचशेचा आकडा पहिल्या पानावर असतो आणि अडीचचा कुठे असतो ते शोधावं लागतं.

आपल्याला मात्र अमेरिकेकडे बघायची गरज नाही. अंदाज आणि प्रवासी यांच्यातली दरी किती रुंद असू शकते, हे मुंबईनं फेब्रुवारी 2014 पासून चेंबूरच्या खांबांवर रोज पाहिलं. मोनोरेलसाठी दिवसाला लाखाच्या वरचे अंदाज होते. संपूर्ण मार्ग जेकब सर्कलपर्यंत गेल्यावरही प्रवासी वीस हजारांच्या आत घुटमळले. चालवणाऱ्या खासगी कंपनीचं कंत्राट 2018 मध्ये रद्द झालं आणि गाडा एमएमआरडीएच्या, म्हणजे आपल्या, गळ्यात आला. अटल सेतूचंही तसंच. दिवसाला सत्तर हजार गाड्यांची भाषा होती, पहिल्या वर्षाची सरासरी निघाली तेवीस हजारांच्या आसपास. पूल उत्तम आहे, वेळ वाचतोच वाचतो, पण एका बाजूचे अडीचशे रुपये भरताना गाडीवाला विचार करतो. ज्याच्याकडे गाडी आहे तो माणूस अडीचशेला अडखळतो, ही गोष्ट अडीच हजारांचं तिकीट विकणाऱ्यानं उशीखाली ठेवून झोपावी.

हवाई टॅक्सीचं सख्खं भावंड मुंबईत जन्मलं होतं आणि त्याची कहाणी फार लवकर विसरली गेली. 17 फेब्रुवारी 2022 रोजी मोठ्या समारंभात वॉटर टॅक्सी सुरू झाली. भाऊच्या धक्क्याजवळचं क्रूझ टर्मिनल ते बेलापूर. स्पीडबोटीचं भाडं माणशी आठशे ते बाराशे रुपये, मोठ्या कॅटामरानचं तीनशेच्या आत. ग्राहकाचं कल्पित चित्र हुबेहूब तेच: नवी मुंबईत राहणारा, दक्षिण मुंबईत कामाला जाणारा, चार पैसे बाळगून असलेला, रस्त्याला आणि लोकलला विटलेला माणूस. समुद्रात सिग्नल नाही, खड्डे नाहीत, मेगाब्लॉक नाही. पहिल्या दिवसांत फोटो भरपूर निघाले. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये गेटवे ते बेलापूर असा दुसरा प्रयोग झाला, भाडं अडीचशे-साडेतीनशेवर आणून. तरी आठवड्याच्या कामाच्या दिवशी बोट रिकामीच. कारण बोटीत लागणारा वेळ हा प्रवासाचा एक तुकडा होता. घर ते जेट्टी रिक्षा, जेट्टीवर वाट बघणं, उतरल्यावर धक्क्याबाहेर टॅक्सी शोधणं, मग फोर्टातलं ऑफिस; आणि परतीची बोट चुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नाही. शेवटचा मुद्दा सर्वांत जड. चाकरमान्याला जलद गाडीपेक्षा पुढची गाडी किती मिनिटांनी आहे याची जास्त काळजी असते. दर चार मिनिटांनी येणारी गच्च भरलेली लोकल तो निवडतो, कारण तिच्यावर संध्याकाळ आखता येते.

त्याच समुद्रात मांडव्याची रो-रो मात्र मार्च 2020 पासून चालते आहे, टाळेबंदीच्या तोंडावर सुरू होऊनही. फरक कुठे आहे? मांडव्याला रस्त्यानं जायचं तर पेणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा आहे, आणि बोटीत आपली गाडी चढवता येते. म्हणजे पलीकडे उतरल्यावर काय, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय जाणारा सुट्टीवर निघालेला असतो, त्याला पंच मशीन गाठायचं नसतं. जिथे नकाशातच खिंड आहे तिथे माणूस पैसे मोजतो. जिथे नुसती गर्दी आहे तिथे तो गर्दीशी जुळवून घेतो. ही गोष्ट जितकी बोटीला लागू आहे तितकीच आकाशातल्या टॅक्सीला.

इथे कुणी म्हणेल, भाडं उतरवा, मागणी आपोआप येईल. एसी लोकलचं काय झालं ते आठवा. आठवूया. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली आणि कितीतरी महिने ती अर्धी रिकामी पळत होती. बाजूच्या साध्या गाडीच्या दारात माणसं लोंबकळत असताना हिच्या काचेतून मोकळ्या सीट दिसायच्या. 5 मे 2022 पासून सुट्या तिकिटाचे दर निम्मे झाले, पाच किलोमीटरचं पासष्टचं तिकीट तीस रुपयांवर आलं, आणि पुढे त्या गाडीतही उभं राहायला जागा मिळेना. मुंबईकराला आराम नको होता असं नाही, त्या किमतीला नको होता.

पण ही युक्ती विमानाला लागू पडत नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. एसी लोकलमध्ये काही हजार माणसांची जागा आधीच रिकामी धावत होती, म्हणून दर उतरवताच ती भरली. हवाई टॅक्सीत जागा चार. उदार मनानं हिशेब मांडू. एका तळावरून दर तीन मिनिटांना एक उड्डाण, म्हणजे उतरणं, माणसं खाली घेणं, नवी बसवणं, पट्टे, बॅटरी, सगळं धरून. ताशी वीस उड्डाणं, ऐंशी प्रवासी. सकाळी सात ते संध्याकाळी सात अखंड चाललं, एकही आसन रिकामं गेलं नाही, तर दिवसाला 960 माणसं. गर्दीच्या वेळची एक बारा डब्यांची लोकल चार-पाच हजार माणसं वाहते. असे दहा तळ दिवसभर भरून चालले तरी दोन लोकलचे प्रवासी झाले. आणि त्यासाठी आकाशात रोज 2400 उड्डाणं. मुंबई विमानतळाचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, आणि तिथे सगळी कसरत करून दिवसाला हजाराच्या आसपास विमानांची ये-जा होते. त्यात कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आयएनएस शिक्रा, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रावरचं बंद आकाश. या सांदीकोपऱ्यांतून अडीच हजार उड्डाणं कशी नेणार, ते मला कुणी समजावून सांगावं.

म्हणजे भाडं चढं ठेवलं तर वॉटर टॅक्सी होते. उतरवलं तर जिन्यावर रांग लागते आणि सात मिनिटांच्या उड्डाणासाठी पन्नास मिनिटं ताटकळावं लागतं. मग वाचलं काय? मधला कुठला तरी भाव असेल जिथे आसनं भरतील आणि रांगही लागणार नाही. तो भाव परवडणारी माणसं शोधू.

माणशी अडीच हजार, महिन्याला बावीस दिवस, जाऊन-येऊन: एक लाख दहा हजार रुपये. एवढा खर्च नुसत्या ये-जा करण्यावर करू शकणाऱ्या माणसाकडे गाडी असते, ड्रायव्हर असतो, आणि हे लक्षात घ्या, त्या गाडीची मागची सीट असते. वांद्र्याहून नरिमन पॉइंटला जाताना तो वाटेत चार फोन उरकतो, मेल वाचतो, डुलकी काढतो. त्याचा वेळ रस्त्यावर वाया जातो हे अर्धसत्य आहे. प्रवासाचा वेळ खरा वाया जातो तो बदलापूरहून दारात उभं राहून येणाऱ्याचा, आणि त्याच्या खिशात महिन्याचा पास आहे, लाख रुपये नाहीत. ज्याला वेळ सर्वांत जास्त हवा त्याला तो विकत घेता येत नाही. कोणत्याही मागणीच्या तक्त्यात हे दोघं एकाच रकान्यात मोजले जातात.

मग उरतो विमानतळाचा प्रवासी. जगभरच्या कंपन्यांचा भरही त्याच्यावरच आहे, कारण विमान चुकण्याची भीती माणसाला सढळ करते. पण मुंबईतून आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुटतात. सर्वांत खर्चिक तिकीट काढणारा प्रवासी घरून निघतो तेव्हा पश्चिम द्रुतगती मार्ग मोकळा असतो, आणि जुहूचा तळ, जिथे 1932 मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते तोच, बहुतेक दिवसाउजेडीच्या कामाचा आहे. दिवसाच्या प्रवाशापुढे आता दुसरा पर्याय उभा आहे. मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. विमानतळाच्या टी-टू स्थानकातून उतरून बसलं की सत्तर रुपयांच्या आत दक्षिण मुंबई, पाऊस असो की पंतप्रधानांचा ताफा असो. पाऊस हा शब्द सादरीकरणांत फारसा दिसत नाही. वर्षातले चार महिने, ढग खाली आणि दृश्यता कमी असताना, डोळ्यांनी बघून उडवायचं छोटं वाहन वेळापत्रक पाळणार नाही; आणि रस्ते नेमके त्याच दिवसांत तुंबतात. सर्वांत जास्त गरज असेल त्या दिवशी सेवा बंद.

हे सगळं आधी कुणी करून पाहिलं नाही असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये 1950 च्या दशकापासून शहर ते विमानतळ हेलिकॉप्टरं उडत. सरकारी अनुदान होतं तोवर कशीबशी टिकली, 1965 मध्ये ते संपलं. 1977 च्या मे महिन्यात पॅन ॲमच्या इमारतीच्या गच्चीवर अपघात झाला, पाच माणसं गेली, त्यातली एक खाली रस्त्यावरून चाललेली होती. दोन वर्षांत कंपनी बुडाली. साओ पाउलो तर मुंबईची बहीण शोभावी: तुफान ट्रॅफिक, टोकाची विषमता, शेकडो हेलिकॉप्टरं. तिथे एअरबसनं ॲपवर हेलिकॉप्टर विकून पाहिलं, 2020 मध्ये गुंडाळलं. बंगळुरूत 2018 मध्ये विमानतळ ते इलेक्ट्रॉनिक सिटी साडेतीन हजार अधिक कर अशी हेलिकॉप्टर टॅक्सी आली. 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीला नव्यानं श्रीगणेशा करावा लागला. जर्मनीच्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या गाजलेल्या दोन्ही कंपन्यांनी 2024 च्या अखेरीस दिवाळखोरीसाठी अर्ज केले.

माझ्याविरुद्धचा सर्वांत दमदार युक्तिवाद मोबाइलचा आहे. 1995 मध्ये एका मिनिटाला सोळा-सोळा रुपये पडत, तेव्हाही शहाण्यांनी हे श्रीमंतांचं खेळणं आहे असंच म्हटलं होतं. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली तेव्हाही. दोन्ही वेळा शहाणे तोंडावर आपटले. हे मी नाकारत नाही. पण दोन्हीकडे स्वस्ताई आली ती एकाच यंत्रणेवर जास्त माणसं घालता आली म्हणून. एका टॉवरवर हजारो फोन, एका विमानात एकशेऐंशी माणसं. इथे वैमानिकाचा पगार चौघांत वाटायचा आहे. सकाळी सगळे दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या शहरात परतीच्या फेरीला तेही चौघं मिळणार नाहीत. वैमानिकाशिवाय उडणारी वाहनं चीनमध्ये प्रमाणपत्र मिळवून बसली आहेत, तो दिवस कदाचित येईल. तरी आकाशाची आणि तळाची अडचण तिथेच राहते.

देशातला विमान-मागणीचा ताजा अनुभवही फार उत्साह वाढवणारा नाही. उडान योजनेबद्दलचा कॅगचा 2023 चा अहवाल वाचा: 774 मार्ग वाटले, 403 सुरूच झाले नाहीत, आणि सवलतीची तीन वर्षं संपल्यावर टिकले ते 54. त्या प्रत्येक मार्गामागे कुणीतरी प्रवाशांचा अंदाज बांधलाच असेल.

मागणी खरोखर आहे तिथली नावंही घेतो. अलिबाग-मांडवा, शनिवार-रविवार. मुंबई-पुणे, जिथे हेलिकॉप्टरचा प्रयोग 2019 पासून झालेला आहे. कदाचित नवी मुंबईचा नवा विमानतळ आणि जुना विमानतळ यांच्यामध्ये, जोडउड्डाणाच्या प्रवाशांसाठी. आणि रुग्ण. पालघर-जव्हारहून अडलेली बाळंतीण, एखाद्या जिल्ह्यातून मुंबईला आणायचं हृदय. ईप्लेनला 2025 मध्ये मिळालेली मोठी मागणी 788 वाहनांची होती, आणि ती हवाई रुग्णवाहिकांची होती, टॅक्सीची नव्हे. धंदा करणाऱ्यांना गिऱ्हाईक कुठे आहे ते आपल्यापेक्षा लवकर कळतं. यातल्या रुग्णांच्या सेवेवर सरकारनं पैसे घातले तर माझी तक्रार नाही.

बाकीच्यासाठी जागेचा प्रश्न आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांतली 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी मिळवायला या शहराला किती वर्षं भांडावं लागलं ते ताजं आहे. उद्या त्याच्या कडेला, किंवा कोस्टल रोडच्या भरावावर, किंवा एखाद्या मेट्रो डेपोच्या छतावर ‘फक्त छोटासा’ व्हर्टिपोर्ट मागितला जाईल. छोटा असतो तो काँक्रीटचा चौकोन. त्याच्याकडे येण्या-जाण्याची हवेतली वाट मोकळी लागते, म्हणजे आजूबाजूच्या इमारतींची उंची बांधली जाते. विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरच्या फनेल झोनमधल्या, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या, सोसायट्यांना विचारा. इमारत मोडकळीला आलेली, बिल्डर तयार नाही, कारण वरचे मजले काढता येत नाहीत. दिवसाला पाच-सातशे माणसं उडावीत म्हणून हजारो कुटुंबांचा पुनर्विकास अडणार असेल तर तो सौदा कुणी केला, कुणाला विचारून केला? 2022 मध्ये कळव्यात प्रवासी रुळांवर उतरले होते, कारण साध्या लोकलची वेळ काढून एसी लोकलला दिली गेली होती. एसीला त्यांचा विरोध नव्हता. आपल्या वाट्याची गाडी गेली, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं.

म्हणून परवानगी द्यायचीच तर चार गोष्टी कागदावर हव्यात. तळ आहेत तिथेच, जुहूला आणि सध्याच्या हेलिपॅडवर. नवी सार्वजनिक जमीन नाही. प्रवासी कमी पडले तर भरपाई, अनुदान किंवा अधिग्रहण असं कोणतंही कलम करारात नाही, मोनोरेलचा धडा लक्षात ठेवून. दर महिन्याची प्रवासीसंख्या आणि रद्द झालेली उड्डाणं जाहीर, पावसाळ्यासकट. आणि जिथे जिथे वाहनाच्या वाटेमुळे उंचीची मर्यादा येणार आहे त्या प्रत्येक सोसायटीला आधी नोटीस, मराठीत, हरकतीसाठी साठ दिवस. ज्या कंपनीला आपल्या मागणीच्या आकड्यांवर विश्वास आहे तिला यातल्या एकाही अटीची अडचण वाटायला नको.